बाबेंच्या शेजारची जागा

मुगेनी त्या रविवारी रिकाम्या हाताने आला नाही, तेव्हाच मस्ना सावध झाली.

थोरला भाऊ एरवी शहराबाहेरच्या चितायमहून यायचा तो घामाघूम, वैतागलेला, आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरून भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचलायचा. आज त्याने आईसाठी नवा सारोंग आणला होता, धाकट्या भावाच्या पोरांसाठी दोन काटेरी डुरियन फळं, आणि मस्नासाठी चक्क गुलाबी सरबताची बाटली. ईदेला आणतात तशी. मागोमाग त्याची बायको कोमारिया, ठेवणीतला हिजाब बांधून, उंबऱ्यातच घुटमळत होती.

"बस की वहिनी," मस्ना म्हणाली. "पाहुणी असल्यासारखी काय उभी राहतेस?"

"बसते गं. पण दिवा तरी लाव. भर सकाळी काळोख तुमच्याकडे."

दिवा लावावाच लागे. पूर्वेला पहिला टॉवर उभा राहिला तेव्हा सकाळचं ऊन गेलं, पश्चिमेला दुसरा आला तेव्हा संध्याकाळचं. मध्ये उरली होती ती हाजी मुहालींची पट्टी: पुढे पडवी, मागे दोन खोल्या, विहीर, एक जांभळाचं झाड आणि झाडाखाली, कबरीत, खुद्द हाजी मुहाली, मस्नाचे बाबे, म्हणजे वडील. अकरा वर्षांपूर्वी त्यांना तिथेच ठेवलं होतं, त्यांच्याच शब्दाखातर. आजोबांनी हजला जाण्यासाठी पेरूची बाग विकली, बाबेंनी मुलांच्या लग्नांसाठी नारळाचं आवार विकलं, मुगेनीने बाबेंनी हयातीत दिलेला तुकडा विकून चितायमला घर घेतलं. त्या तुकड्यावर आता पूर्वेचा टॉवर होता. जमीन अशी लग्नाच्या केकसारखी कापत कापत इथवर आली होती, आणि टॉवर बांधणाऱ्या कंपनीला आता हा शेवटचा तुकडा हवा होता. दोन टॉवरांच्या मध्ये तिसरा, बारीक, उंच बसतो म्हणे बरोबर.

आई, तिला सगळे न्याक म्हणत, भिंतीला पाठ लावून विडा चघळत बसली होती. तिला एका कानाने ऐकू येत नव्हतं, आणि कुठल्या कानाने ते ती प्रसंग बघून ठरवायची. नवा सारोंग तिने मांडीवर घेतला, पोत बोटांनी चाचपला आणि बाजूला ठेवला.

"कंपनीचा माणूस परत भेटला," मुगेनीने सुरुवात केली. "चांगला आहे बिचारा. म्हणतो, सगळ्यांच्या सह्या एकदम हव्यात. आणि त्याआधी जागा मोकळी हवी."

"मोकळी म्हणजे?" मस्नाने विचारलं.

"म्हणजे... रिकामी."

"रिकामीच आहे की. वस्ती रिकामी झाली, विहीर रिकामी झाली. आणखी काय रिकामं करायचं?"

मुगेनी जांभळाच्या दिशेला बघायचं टाळत होता. "तुला कळतंय मी काय म्हणतोय ते."

"मला कळतंय. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. बाबेंना उकरून काढा, असं म्हण. 'मोकळी' काय, ते काय सामान आहेत?"

"मस्ना!" कोमारिया म्हणाली. "मोठा भाऊ आहे तो तुझा."

"म्हणूनच विचारते, वहिनी. शेजाऱ्याला विचारलं नसतं."

मुगेनीने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्याचे कपाळावरचे केस आता बाबेंसारखेच मागे हटले होते. बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचंच मस्नाला जास्त लागलं.

"मी पहाटे अंधारात घर सोडतो आणि अंधारातच परत येतो. माझी पोरं मला फक्त रविवारी ओळखतात. हे शहर सोडून गेलो तेव्हा तूच रडली होतीस ना? मी गेलो कारण चौघांना त्या मागच्या खोलीत पाय पसरता येत नव्हते. आणि तू इथे बसून मला बाबे शिकवतेस. अगं, इथे राहायला मिळणं हीच चैन आहे. तुला कळत नाही, एवढंच."

"चैन!" मस्ना हसली. "थांब, माझ्या चैनीचं पाणी आणते तुला प्यायला."

टॉवरांच्या तळघरांसाठी जमिनीतून रात्रंदिवस पाणी उपसलं, तेव्हापासून विहिरीला जे यायचं ते तांबूस, गंजाच्या वासाचं. भिंतींना तडे गेले होते. कंपनीने नवा रस्ता उंच केला आणि पावसाचं पाणी घरात वळलं. वर शेजारच्या टॉवरांच्या भावाने यांच्या जमिनीचा कर ठरायचा. मस्ना पहाटे उठून नारळाच्या दुधातला भात शिजवी आणि टॉवरांच्या पहारेकऱ्यांना, झाडूवाल्यांना केळीच्या पानात बांधून विकी. नवरा गेल्यावर बाबेंनी तिला लहानग्या उल्फासकट परत आणलं, तेव्हापासून तिचा हाच धंदा. जुनी गिऱ्हाइकं आता कुठे कुठे पांगली होती. कोणी पारुंगला, कोणी बोगोरच्या अलीकडे, कोणी कुठे ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

"झरकासी," तिने हाक मारली. "ये बाहेर. सांग याला."

धाकटा भाऊ मागच्या खोलीतून आला; बायको जुलेहा आणि पोरं नसल्याने एकटाच. पश्चिमेच्या टॉवरखाली तो गाड्या लावून द्यायचं काम करी. अजून तो केशरी जाकीट घालूनच होता. गेल्या ईदेला याच झरकासीने बाबेंच्या दगडावर तळवा टेकून म्हटलं होतं, "मी आहे तोवर याला कोणी हात लावणार नाही, पोक." थोरल्या बहिणीला तो पोक म्हणायचा, आणि मस्ना त्या एका शब्दावर वर्षभर उभी होती.

तो चटईच्या कडेला बसला आणि चटईचा सुटलेला धागा ओढू लागला.

"बोल ना," मस्ना म्हणाली.

"पोक... जुलेहा येणार नाही म्हणते."

"माहेरी गेलीय ना? येईल की चार दिवसांनी."

"नाही येणार. पोरांच्या अंगावरची खरूज तिकडे आठवड्यात बरी झाली. म्हणते, ती विहीर असेतो मी पोरांना तिथे आणणार नाही. मग मी काय करू? मी इथे बाबेंपाशी बसू की पोरांपाशी?"

"मी नळाचं पाणी विकत आणते म्हटलं होतं..."

"किती दिवस?" झरकासीने मान वर केली. डोळे लाल झाले होते. "मी बांगला, थोरल्याला, होकार दिलाय, पोक. गेल्या आठवड्यातच. तुझ्यासमोर यायला तोंड नव्हतं, म्हणून रोज उशिरा येत होतो."

म्हणजे मुगेनी पडवीत पाय ठेवण्याआधीच सगळं ठरलं होतं. सरबताची बाटली तिच्यासाठी होती ती त्यासाठी. मस्नाने एकदा या भावाकडे बघितलं, एकदा त्या, आणि मग दाराशी उभ्या असलेल्या उल्फाकडे. सत्तावीस वर्षांची लेक, फिक्रीशी लग्न ठरलेली, कंपनीच्या नव्हे पण त्याच टॉवरमधल्या एका कचेरीत कामाला. निदान ही तरी.

"तुझं काय म्हणणं?" मस्नाने विचारलं, आणि विचारताक्षणीच तिला पस्तावा झाला, कारण उल्फाने ओठ आत ओढले होते. लहानपणी काही फोडलं की ओढायची तसे.

"मा, रागावू नको."

"नाही रागावत."

"मी बसते तिथून खिडकीतून आपलं छप्पर दिसतं. शेजारच्या मुलीने एकदा विचारलं, खाली ते गोदाम आहे का? मी हो म्हटलं." उल्फा भराभर बोलू लागली, थांबलं तर पुढचं निघणार नाही अशी. "फिक्री आणि मी वर्षभर घर शोधतोय. याच टॉवरमधली खोली बघायला गेलो, अंथरूण घातलं की दार उघडत नाही एवढी. बँकेतल्या बाईने आमचे पगार बघितले आणि हसली. वाईट नाही हसली, कीव आल्यासारखी. परवडतंय ते पारुंगच्या पुढे, शेतात, अजून पाणीही आलेलं नाही. त्यालासुद्धा सुरुवातीचे पैसे नाहीत. फिक्रीच्या घरचे किती थांबतील?"

"म्हणजे माझ्या वाट्यावर तुझं घर."

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

उल्फा रडू लागली. कोमारियाने उठून तिला जवळ घेतलं, आणि मस्नाला दिसलं की या घरात आता दोन बाजू राहिलेल्याच नाहीत. एका बाजूला सगळे होते. दुसऱ्या बाजूला ती. तिचा वाटा मुलीचा, भावांच्या निम्मा. त्यात एक घर झालं तर झालं, दोन होणं शक्य नव्हतं. उल्फाचं झालं तर तिचं नाही.

पण अजून एक माणूस होतं. मस्ना आईपाशी सरकली आणि तिच्या चांगल्या कानाशी वाकली.

"न्याक, तू नाही म्हण. बाबे गेल्यावर घरात शेवटचा शब्द तुझा. तुझं एक 'नाही' पुरे. मग बघते मी कोण काय करतं ते."

न्याकने विड्याची पिंक डब्यात टाकली, ओठ पुसले.

"त्यांना उकरायचं कधी?" तिने विचारलं.

मस्ना आणखी जवळ वाकली.

"न्याक, तुला नीट ऐकू आलं नाही..."

"सगळं ऐकू आलं. विहिरीचं ऐकलं, पोरांच्या खरजेचं ऐकलं, गोदामाचंही ऐकलं." तिने मस्नाच्या गालावर सुरकुतलेला हात ठेवला. "मी नाही म्हटलं तर तुम्ही तिघं उद्यापासून एकमेकांचं तोंड बघणार नाही. मी मेले की मला खांदा कोणी द्यायचा यावरून भांडाल. म्हातारा काही आरडाओरडा करायचा नाही. तोच हलू दे."

"न्याक!"

"माझं एकच. जिथे त्यांना न्याल तिथे त्यांच्या शेजारी माझी जागा. साठ वर्षं या कुशीवर झोपलेय, आता दुसरीकडे झोप यायची नाही मला."

"शेजारीच, न्याक," मुगेनी म्हणाला. "चितायमला आमच्या मशिदीची दफनभूमी आहे. अगदी शेजारी."

तो इतक्या पटकन म्हणाला की मस्नाला कळलं, याने चौकशी केलेली नाही. तिने तिथेच विचारायला हवं होतं. तोंड उघडलंही तिने. पण न्याकने डोळे मिटून मान भिंतीला टेकली होती, चेहरा सैल पडला होता, आणि मस्नाच्या अंगात आणखी एका भांडणाचं बळ उरलं नव्हतं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि उरलेला भात वाढायची तयारी करू लागली. काही झालं तरी माणसं जेवल्याशिवाय कशी जाणार?

सह्या झाल्या. पुढच्या महिन्यात एका सकाळी चौघे खणणारे आले, मशिदीतले इमाम आले, आणि मुगेनी पांढरं कापड घेऊन आला. खणायला सुरुवात झाली तशी दोन्ही टॉवरांच्या सज्ज्यांत माणसं दिसू लागली. कोणी कॉफीचा पेला घेऊन, कोणी मोबाईल उंच धरून. थोड्या वेळाने एक पहारेकरी आला. मस्नाचं रोजचं गिऱ्हाईक. तो तिच्याकडे न बघता झरकासीशी बोलला.

"वरून तक्रार आलीय. लहान मुलं बघतायत म्हणे. वर ताडपत्री बांधता येईल का?"

"आमचा बाप आहे तो," झरकासी म्हणाला.

"मला माहितेय रे. मी काय करू? मला सांगितलं, मी सांगितलं."

झरकासीनेच ताडपत्री बांधली. एक टोक जांभळाला, दुसरं विहिरीच्या खांबाला. निळ्या प्लास्टिकखाली सगळ्यांचे चेहरे निळे दिसू लागले. माती कोरडी होती, भर पावसाळ्यात पिठासारखी कोरडी. खणणारा म्हाताराही म्हणाला, अशी माती इथे कधी बघितली नाही, खालचं पाणी गेलं की मातीही मरते.

मग त्याने हात वर केला आणि बाकीचे थांबले.

बाबे फारसे उरले नव्हते. इमाम पुटपुटत होते. मुगेनी खड्ड्यात उतरला, कारण थोरल्या मुलाने उतरायचं असतं, आणि पहिलं हाड हातात घेतल्यावर त्याला पुढचं उचलवेना. तो मोठा, पन्नाशी ओलांडलेला माणूस गुडघ्यांवर बसून कण्हू लागला. शब्द कळत नव्हता, नुसता घशातला आवाज. मस्ना महिनाभर त्याचा द्वेष करत होती. तो द्वेष तिला आता हवा होता, त्यावर तिला उभं राहायचं होतं, पण पायांनीच दगा दिला. ती कधी खड्ड्यात उतरली तिला कळलं नाही.

"दे इकडे, बांग," ती म्हणाली. "तू कापड धर. मी देते."

तिने एकेक करून बाबेंना त्याच्या हातात दिलं. दोघांनी मिळून पांढऱ्या कापडाचं गाठोडं बांधलं. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळापेक्षा फार मोठं नव्हतं ते. वर काढल्यावर न्याकने हात पुढे केले. मुगेनीने तिच्याकडे बघितलं, मग मस्नाकडे, आणि गाठोडं आईच्या मांडीत ठेवलं. चितायमपर्यंत, रस्त्यातल्या सगळ्या खड्ड्यांतून, गाडीत ते तिच्या मांडीतच होतं.

चितायमची दफनभूमी मशिदीमागे उतारावर होती. दगड एकमेकांना चिकटून, पाय ठेवायलाही तिरकं व्हावं लागे. नवी कबर शेवटच्या ओळीच्या टोकाला होती. तिच्यापलीकडे एकच मोकळी जागा आणि मग कुंपण. बाबेंना ठेवलं, माती लोटली, फुलं टाकली. न्याकने राखणदाराला खूण करून जवळ बोलावलं.

"ही पलीकडची माझी ना?"

राखणदार मुगेनीकडे बघू लागला. "आजी, इथे जागा आधी धरून ठेवता येत नाही. पुढे जो जाईल त्याला ती."

"मुलाने सांगितलंय शेजारीच म्हणून."

"कोणीही सांगू दे. वस्ती किती वाढली बघता ना? शहरातून सगळे इकडेच लोटतायत. जिवंतांना जागा पुरेना, मेलेल्यांना कुठून आणू? तळाशी आणखी जमीन मिळाली तर बघू. तुम्हाला उदंड आयुष्य मिळो."

"त्यानेच तर अडलंय," न्याक म्हणाली. मग थोडा वेळ ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. "म्हणजे मला घाई करायला हवी."

कोमारिया हसली, म्हातारी गंमत करतेय असं समजून. दुसरं कोणीच हसलं नाही. मुगेनी म्हणाला, "मी बोलतो कमिटीशी, न्याक. मी बघतो." तो बोलेल हे मस्नाला ठाऊक होतं, आणि काही होणार नाही हेही.

पैसे आले तसे गेले. झरकासीने जुलेहाच्या माहेराजवळ दोन खोल्या घेतल्या. मस्नाने आपला वाटा उल्फाच्या हातात ठेवला. उल्फा नको नको म्हणत रडली आणि मग घेतला. लग्न झालं. आता ती पारुंगच्या पुढून पहाटे निघते आणि त्याच टॉवरमधल्या त्याच खिडकीशी बसते. खाली काय दिसतं ते मस्नाने तिला विचारलेलं नाही.

मस्नाने चितायमला मशिदीपासून चालत जाता येईल अशी भाड्याची खोली बघितली, न्याकसाठी. भाताचा धंदा इथे चालेना. इथली माणसं जेवण बांधून घेऊन पहाटेच शहराकडे जातात. भाडं मुगेनी देतो, कधी वेळेवर, कधी नाही. दर शुक्रवारी दोघी मायलेकी बाबेंपाशी जातात. न्याकच्या डोळ्यांवर पडदा आलाय, उजेड आणि सावली एवढंच तिला समजतं, म्हणून मस्ना तिचा हात धरून दगडांमधून वाट काढते.

"जागा आहे ना अजून?" न्याक विचारायची.

"आहे."

"बरं. थोडं थांबा म्हणावं त्यांना. मीही काही मुद्दाम उशीर करत नाही."

एका शुक्रवारी त्या गेल्या तेव्हा जागा भरली होती. ताजी लाल माती, वर अजून न सुकलेली फुलं, बांबूवर एका मुलीचं नाव. एकोणीस वर्षांची. मस्ना तिथेच थबकली. न्याकचा हात तिच्या हातात होता आणि तो हात तिने घट्ट धरला, इतका की म्हातारी कळवळली.

"काय झालं गं?"

"काही नाही. पायाखाली खडा आला."

न्याक नेहमीसारखी बाबेंच्या डोक्याशी बसली, कुराणातली यासीन पुटपुटली. मग दर खेपेच्या सवयीने तिने उजवा हात पलीकडे लांबवला, आणि मस्नाला तो अडवता आला नाही. बोटं मातीत गेली. ती थांबली. माती ओली होती, भुसभुशीत, नुकतीच वरखाली केलेली. न्याकने मूठभर उचलली, बोटांमधून सोडली, पुन्हा चाचपली. बोटांना फुलाची एक पाकळी चिकटून आली.

"मऊ आहे," ती म्हणाली. "माझ्यासाठी खणून ठेवलीय वाटतं?"

मस्नाने बांबूवरच्या नावाकडे बघितलं.

"हो, न्याक," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच."

न्याकने मान हलवली. पाकळी सारोंगला पुसली आणि हात परत मांडीत घेतला, आणि मग बराच वेळ, ऊन कुंपणापलीकडे जाईपर्यंत, दोघींपैकी कोणीच उठायचं नाव काढलं नाही.